पोकॅसेटची डावी बाजू

रविवार, १ सप्टेंबर

ही वही माझी, अक्षर सुनेचं. मला लिहिता-वाचता येत नाही. आकडे तेवढे येतात, कारण गिरणीत कापडाच्या ठाणांवर आकडे असायचे आणि मैदानातल्या फळ्यावर गोलांचे असतात. जुलैत मला एक छोटा झटका येऊन गेला. तोंड वाकडं झालं होतं, ते आठवड्यात सरळ झालं. आता वाचेचे व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणतात, दिवसभरात काय झालं ते कुणाला तरी सांगा आणि लिहून घ्यायला लावा, म्हणजे शब्द पळून जाणार नाहीत. माझे शब्द चौऱ्याऐंशी वर्षांत कुठे पळाले नाहीत, पण बाई चांगल्या आहेत, त्यांचं मन कशाला मोडायचं.

तर कॉलीन लिहितेय. माझ्या मुलाची, ग्वाल्तेरची बायको. सत्तावीस वर्षं घरात आहे, ती दोघं वरच्या मजल्यावर, मी खाली. आमची पोर्तुगीज बोली शिकली, शिव्यांसकट, पण मला अजून ‘तुम्ही’च म्हणते. आयरिश आहे, बटाटा सोडून दुसऱ्या कुठल्या भाजीवर तिचा विश्वास नाही. हे लिहिणार नाही म्हणत होती. लिहिलंस का? लिहिलं म्हणते. मला कसं कळणार? मी फुटबॉल म्हणते तिथे ती सॉकर लिहीत असेल, तेही मला कळायचं नाही.

ग्वाल्तेर पोकॅसेट कॉलेजच्या मुलांना फुटबॉल शिकवतो, एकोणीस वर्षं झाली. दर शनिवारी घरच्या सामन्याला आम्ही गोलच्या मागच्या टेकाडावर खुर्च्या टाकून बसतो, बरोब्बर मधोमध. ही जागा माझ्या नवऱ्याने, आदेलिनोने निवडलेली. तो गेला, जागा राहिली. बाकीचे लोक कडेला बसतात आणि चेंडूच्या मागे माना फिरवत राहतात. गोलच्या मागून अख्खा संघ मागाला लावलेल्या कापडासारखा समोर पसरलेला दिसतो. फॉल रिव्हरच्या गिरणीत मी एकतीस वर्षं कापड तपासत होते. धागा कुठे सुटला ते मला दहा हातांवरून दिसायचं. मुकादम म्हणायचा, देओलिंदाच्या डोळ्याला पगार वेगळा द्यायला हवा. दिला नाही, ते सोडा.

काल १–१. संघ बरा आहे. पण कुठेतरी धागा सुटलाय.

रविवार, ८ सप्टेंबर

काल हरलो, ०–१. आज प्रार्थनेनंतर पोर्तुगीज क्लबात कॉफी आणि तळून साखरेत घोळवलेले मलसादा. रविवारी तिथे दोनच विषय असतात, कोण मेलं आणि ग्वाल्तेरने कुणाला खेळवलं. सेराफिमचं बेकरीचं दुकान मुलाने घेतल्यापासून त्याला सगळ्या जगाची काळजी करायला वेळ आहे. लाउदालिनो न्हावी. तीस वर्षं पोकॅसेटच्या पोरांचे केस तो कापतो, त्यामुळे कुणाच्या डोक्यात काय आहे ते आपल्यालाच माहीत असं त्याला वाटतं. दोघांचं पटत नाही आणि एकमेकांवाचून चालत नाही.

काल काय चुकलं यावर त्यांची तासभर जुंपली होती. मग लाउदालिनोने मला विचारलं. म्हटलं, “पहिल्या हाफमध्ये आपल्या संघाला डावी बाजूच नव्हती.”

सेराफिमने कप खाली ठेवला. म्हणाला, तिथे तो नवा पोरगा आहे की, प्रुइट, व्हरमाँटच्या गोठ्यातून आलेला.

“कोण प्रुइट? मला नाही दिसला.”

सगळे खो-खो हसले. मी टोमणा मारला असं त्यांना वाटलं. मी हसले नाही. मला खरंच दिसला नव्हता. पण लोक हसत असताना आपण त्यांना थांबवायचं नसतं.

बुधवार, ११ सप्टेंबर

कॉलीनचं काहीतरी बिनसलंय. जेवताना मी ताट संपवलं, पाव, सॉसेज, सगळं. ती बघत बसली. मग उठून तिने ताट नुसतं फिरवलं, आणि बघते तर वाल! अर्धं ताट भरून वाल. मला न सांगता वाढले. म्हटलं, मला लठ्ठ करून विकायचा बेत आहे का? ती काही बोलली नाही. आता लिहितानाही बोलत नाहीये.

रविवार, २२ सप्टेंबर

पुन्हा हार, ०–२. मागच्या शनिवारी परगावी जिंकले होते, ते मी पाहिलं नाही, म्हणून ते मी धरत नाही.

क्लबात माझं ते एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी झालंय. ‘डावी बाजू नाही’ हे आता सेराफिम स्वतःचं म्हणून सांगतो. आज मी आणखी एक सांगितलं. दुसऱ्या हाफमध्ये डावी बाजू जागेवर येते, पण उजवी झोपी जाते. लाउदालिनोने लगेच टेबलावर साखरेच्या पुड्या मांडून सिद्धांत काढला, की पोरं दमतात. दम पुरत नाही म्हणजे सराव कमी, म्हणजे ग्वाल्तेर ढिला पडलाय. सेराफिमचं म्हणणं, दम नाही, डोकं. नव्या पोराला ग्वाल्तेर दोन्ही हाफमध्ये संघाच्या बाकाच्या बाजूला ठेवतो, म्हणजे बाकावरून ओरडून शिकवता येतं. पहिल्या हाफमध्ये तो डावीकडून खेळतो, मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात तेव्हा उजवीकडून. म्हणजे जिकडे प्रुइट तिकडे भोक. साखरेच्या पुड्या पाहिल्या तर सेराफिमचं बरोबर निघत होतं. लाउदालिनोने दोन पुड्या कॉफीत ओतून वाद मिटवला.

संध्याकाळी ग्वाल्तेर आला. हिरव्या पानांचं सूप केलं होतं. तो लहानपणापासून माझ्या डाव्या हाताच्या खुर्चीत बसतो. मी तिकडे बघत नव्हते, पण आवाजावरून कळलं की चमचा नुसता फिरवतोय. कॉलेजातले खेळांचे साहेब, व्हिटकॉम्ब, त्यांनी सांगितलंय म्हणे. गटातल्या पहिल्या चारांत आलो, शेवटची स्पर्धा खेळलो, तर ठीक. नाहीतर पुढच्या वर्षी नवा माणूस, तरुण, संगणकावर आलेख काढणारा.

मग त्याने विचारलं, “आई, तुला काय दिसतं?”

बावन्न वर्षांचा आहे. त्याच्या हाताखाली दोन शिकलेले मदतनीस आहेत. तरी मला विचारतो. मी म्हटलं, “प्रुइटला बसव.”

रविवार, २९ सप्टेंबर

प्रुइट बाहेर, आणि १–० जिंकलो. क्लबात मला दोन मलसादा फुकट. सेराफिमने स्वतः आणून दिले आणि वर म्हणाला, “दोना देओलिंदा, तुमचा डोळा म्हणजे डोळा.” मी त्याला नाही म्हटलं नाही.

डाव्या दंडावर काळंनिळं झालंय. स्वयंपाकघराचं दार अरुंद झालंय. कॉलीन म्हणते दार तेवढंच आहे. लाकूड ओलाव्याने फुगतं, एवढंही तिला माहीत नाही.

रविवार, ६ ऑक्टोबर

०–३. तिन्ही पहिल्या हाफमध्ये, माझ्या नाकासमोरच्या जाळ्यात, आणि एकही गोल कुठून आला ते मला कळलं नाही. मैदान रिकामं, मग अचानक आपला गोलकीपर आडवा आणि चेंडू आत. आभाळातून पडल्यासारखा. प्रुइटच्या जागी खेळणारा पोरगा हळू धावतो असं ऐकलं.

क्लबात आज सगळे ग्वाल्तेरच्या मुळावर उठले होते. मी बसल्यावर गप्प झाले. हे जास्त वाईट.

घरी येताना गाडीत कॉलीनने विचारलं, तिसरा गोल कसा झाला? म्हटलं, तू शेजारीच होतीस ना? ती म्हणाली, मला तुमच्याकडून ऐकायचंय. सॉकर कळायला लागल्याचं सोंग करू नकोस, म्हटलं.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

आज तिने आधी मला वाचून दाखवलं. पहिल्या पानापासून. माझंच बोलणं मला परत ऐकवलं. मजा वाटली, मी बरी बोलते. मग तिने वही मिटली आणि स्वयंपाकाच्या टेबलावर वाल मांडले. एका रांगेत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. म्हणाली, सगळे उचला.

मी उचलले. मूठभर झाले.

“संपले?”

“संपले. अजून कुठून आणू?”

ती उठली, माझ्या मागे आली, माझी हनुवटी दोन बोटांत धरली आणि हळूच वळवली. सत्तावीस वर्षांत तिने माझ्या चेहऱ्याला हात लावला नव्हता. तेरा वाल अजून टेबलावर होते.

मी म्हटलं, तू आत्ता ठेवलेस. ती म्हणाली, नाही. मी परत सरळ बघितलं, गेले. मान वळवली, आले. सरळ, गेले. असं मी किती तरी वेळा केलं. लिहू नकोस म्हटलं तरी ती लिहितेय.

मग तिने साखरेच्या डब्याचं गोल केलं आणि चमचे मांडून दाखवलं. पहिल्या हाफमधली आपली डावी बाजू आणि दुसऱ्या हाफमधली उजवी, गोलच्या मागून बघणाऱ्या बाईला दोन्ही एकच. तिच्या डाव्या हाताची. बाकाकडची. “प्रुइट दोन्ही हाफमध्ये तिथेच धावत होता,” कॉलीन म्हणाली. “मी बघत होते. खूप धावत होता.”

मला राग आला तो तिचा नाही, वालांचा.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

डॉक्टरांनी टाचणीएवढे दिवे लावून तपासलं. म्हणाले, डोळे शाबूत आहेत. झटक्यानंतर डोकं डावीकडचं टाकून देतं, आणि टाकून दिलंय हेही सांगत नाही. म्हणजे नुसतं भोक नाही, भोकावर नीट रफू केलंय, कळणारच नाही असं. असलं कापड माझ्या हातून एकतीस वर्षांत एकदाही सुटलं नव्हतं. मान वळवायची सवय लावा, म्हणाले. थोडं सुधारेल, थोडं नाही.

कॉलीनला विचारलं, लिहिताना ओळ कुठून सुरू होते? डावीकडून, म्हणाली. मग बरं झालं शिकले नाही. आता अर्धी ओळ गेलीच असती.

तिला सांगितलंय, ग्वाल्तेरला हे हंगाम संपेपर्यंत सांगायचं नाही. त्याच्या डोक्याला आधीच खूप आहे. ती म्हणाली, आणि प्रुइट? मी म्हटलं, चहा कर.

त्याच्या डोक्याचं मी जे सांगितलं ते खरं आहे. पण अर्धंच. तो मला विचारायला येतो. मला दिसत नाही म्हटल्यावर कशाला येईल?

रविवार, १३ ऑक्टोबर

काल ०–०. सगळ्यात खालच्या संघाशी. प्रुइट बाहेरच.

मी मान वळवत होते, कॉलीनने शिकवलंय तशी. डावा कान खांद्याला टेकेपर्यंत नाही, हनुवटी खांद्यावर येईपर्यंत. एकदा वळवली तर बाक दिसला. सहा आठवडे तिथे बाक आहे याचा मला पत्ता नव्हता. टोकाला एक लांब मानेचा पोरगा जाकीट गळ्यापर्यंत चढवून बसला होता. बाकीचे राखीव एकमेकांना कोपरखळ्या मारत होते. हा एकटा मैदानाकडे बघत होता आणि त्याचे पाय बसल्या जागी धावत होते. तोच प्रुइट. मी त्याला पहिल्यांदा पाहिला.

शेवटी सगळे घड्याळाकडे बघायला लागले. या कॉलेजांचं घड्याळ उलटं चालतं, पंचेचाळीसपासून शून्याकडे. शेवटचे दहा आकडे सगळी पोरं ओरडून मोजतात आणि मग गिरणीसारखा भोंगा होतो. पूर्वी मला ते आवडायचं. काल मी पण मोजत होते, पण प्रुइटने बाकावर काढलेले शनिवार.

सोमवार, १४ ऑक्टोबर

सांगितलं. दुपारी ग्वाल्तेरला बोलावून घेतलं, कॉलीनने वाल मांडले, आणि मी त्याच्यासमोर अर्धेच उचलले. मला सांगायला शब्द सापडले नसते. वाचेच्या बाईंना कळवायला हवं.

त्याने उरलेल्यांतला एक वाल उचलून बघितला. मग म्हणाला, “आई, प्रुइटला मी तुझ्यामुळे नाही बसवलं. त्याचा गुडघा दुखत होता.”

ग्वाल्तेर खोटं बोलताना कान खाजवतो, बापासारखा. आत्ताही खाजवत होता. उजव्या हाताला बसला होता म्हणून दिसलं.

मी म्हटलं, “गुडघा बरा झाला असेल आता.”

“झाला,” तो म्हणाला. मग वाल गोळा करून त्याने बरणीत भरले, एकेक करून, त्याला कुठे जायची घाई नसल्यासारखं. जाताना दारात थांबला आणि विचारलं, “पण उजवीकडचं तुला काय दिसतं? तो मधला पोरगा फार पुढे जातो का?”

जातो, म्हटलं. फार पुढे जातो. घराकडे लक्ष नाही त्याचं.

रविवार, २० ऑक्टोबर

२–० जिंकलो. प्रुइट सुरुवातीपासून. दोन्ही गोल त्याच्या बाजूने झाले म्हणे. मी एकच पाहिला, त्याचाही फक्त शेवट.

क्लबात सेराफिमने दार उघडताक्षणी सुरू केलं, बघा, पोराला बसवून शिस्त लावली म्हणून सुधारला. मी कॉफी घेतली, उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, की डावी बाजू पहिल्या दिवसापासून होती. मीच नव्हते. झटक्याने माझं अर्धं दिसायचं बंद झालंय आणि तुम्ही साखरेच्या पुड्या मांडून माझ्या आजाराचे सिद्धांत काढत बसलात.

लाउदालिनोने डोकं खाजवलं. त्याला एकट्याला वाटतं की दम कमी पडतो हे तरीही खरं आहे. सेराफिम मात्र उठला, माझ्या ताटलीजवळ आला आणि डावीकडचा मलसादा उचलून उजवीकडे ठेवला. हा माणूस चाळीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी न बोलता करून गेला.

बाहेर पडताना पिशवीत एक गोड पाव बांधून घेतला. कॉलीन मला कॉलेजवर घेऊन गेली. प्रुइटला दिला. त्याला वाटलं जिंकल्याबद्दल आहे. मी सांगितलं कशाबद्दल आहे ते, कॉलीनने इंग्रजीत सांगितलं. तो लाल झाला, म्हणाला, आमच्याकडे एक गाय आहे, तिला एका बाजूचं दिसत नाही, तिच्याशी त्या बाजूने बोलत बोलत जावं लागतं, म्हणजे ती दचकत नाही. कॉलीनने हे भाषांतर करायचं की नाही यावर जरा वेळ घेतला. मला आवडलं. गाईंशी बोलणारा पोरगा मी बाकावर बसवला होता.

रविवार, ३ नोव्हेंबर

मागच्या शनिवारीही जिंकले. काल शेवटचा सामना, घरच्या मैदानावर, मेन राज्यातून आलेल्या संघाशी. जिंकलो तर चौथे. बरोबरीत सुटला तर एका गुणाने पाचवे.

टेकाडावर पोचले तर माझी खुर्ची जागेवर नाही. मी म्हटलं, आदेलिनोची जागा कुणी हलवली? कॉलीनने. तिने खुर्ची पार डाव्या कोपऱ्याला नेऊन ठेवली होती, जिथे मैदान संपतं तिथल्या झेंड्याच्या मागे. म्हणाली, इथे बसा, सगळं मैदान तुमच्या उजवीकडे येतं. आणि डावीकडे? मी विचारलं. डावीकडे मी, म्हणाली.

बसले. जुलैपासून पहिल्यांदा अख्खं मैदान दिसलं. वाकडं दिसलं, तिरपं, मागावरून काढून अंगावर घेतल्यासारखं, पण भोक नव्हतं. चेंडू लांब गेला की मान वळायची आणि कॉलीन शेजारून म्हणायची, परत आणा. मी आणायची.

पहिल्या हाफमध्ये त्यांनी एक गोल केला. कसा झाला ते मी पाहिलं, मधला पोरगा फार पुढे गेला होता. दुसऱ्या हाफमध्ये आपली पोरं माझ्याकडे तोंड करून खेळत होती. ग्वाल्तेर बाकापुढे हाताची घडी घालून उभा, ओरडतसुद्धा नव्हता. फळ्यावर अकरा मिनिटं उरली होती तेव्हा प्रुइटला अर्ध्या मैदानात चेंडू मिळाला, आणि तो रेषेवरून निघाला तो थेट माझ्या अंगावर. बाकासमोरून पुढे, एकाला मागे टाकलं, दुसऱ्याला बाहेरून वळसा घातला, त्याची लांब मान, तोंड उघडं, बुटांखालून माती उडतेय, आणि झेंड्याच्या अलीकडे, माझ्यापासून चार हातांवर, त्याने चेंडू आत वळवला आणि मधल्या पोराने, त्याच पुढे जाणाऱ्याने, डोक्याने मारला. १–१.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला. एकही धागा सुटला नाही.

कॉलीन माझा दंड धरून उभी होती, काळानिळा तोच. “बघितलास का गं? सगळा बघितलास?” म्हणाली. मी बघितला म्हटलं. घरी आल्यावर लक्षात आलं की ती मला पहिल्यांदा ‘तू’ म्हणाली. आत्ता हे सांगितल्यावर लिहिताना थांबलीय. लिही. मी काही सुधारून मागत नाही.

अकरा मिनिटांत आणखी गोल झाला नाही. दहा, नऊ, आठ, पोरांनी मोजलं, मग भोंगा. पाचवे. एका गुणाने.

त्या १२ तारखेच्या शनिवारी, खालच्या संघाशी, दोन गुण गेले. शुक्रवारी मी बोलले असते तर प्रुइट खेळला असता. हे मी ग्वाल्तेरला म्हटलं नाही आणि त्यानेही मला म्हटलं नाही. दोघांनाही आकडे येतात.

रविवार, १० नोव्हेंबर

गुरुवारी व्हिटकॉम्ब साहेबांचं पत्र आलं. कॉलीनने वाचून दाखवलं. एकोणीस वर्षांबद्दल आभार, नवा माणूस शोधतोय, वगैरे. पत्र सुंदर आहे म्हणते. असणारच.

क्लबात आज सगळ्यांनी ग्वाल्तेरची बाजू घेतली. सेराफिम तर रडवेला झाला, असा माणूस परत मिळणार नाही म्हणाला. ऑक्टोबरात हाच त्याच्या जागी कुणाला आणावं याची यादी करत होता. लाउदालिनो म्हणाला, केस मी पोकॅसेटच्या पोरांचे यापुढे कापणार नाही. प्रुइटने त्याला विचारलं म्हणे, मग माझे कोण कापणार? त्याचे तेवढे कापणार.

दुपारी घरी आलो. कॉलीनने सूप केलं, माझ्यासारखं, पानं जरा जास्त शिजली, आणि बटाटा होताच. तीन ताटं मांडली. ग्वाल्तेर येतो म्हणाला होता. गेले चार आठवडे तो आठवणीने माझ्या उजवीकडे बसतो. आज उजवीकडची खुर्ची रिकामी. मी जेवायला लागले. म्हटलं, आला नाही वाटतं. कॉलीन काही बोलली नाही. ही न बोलण्याची खोड तिची जायची नाही.

मग माझ्या लक्षात आलं की पाव कमी होतोय. मी एकच तुकडा घेतला होता. चमचाही कुठेतरी वाजत होता. तो आज विसरून, पहिल्यापासून बसायचा त्याच खुर्चीत बसला होता. बावन्न वर्षांचा, कामावरून काढलेला, आणि मी त्याच्या शेजारी बसून त्याची वाट बघत होते.

हाक मारली असती तर ओ दिली असती. मारली नाही. मान वळवली. आणखी वळवली, हनुवटी खांद्यावर येईपर्यंत.

होता.